शब्दशंका: ‘इन्सूसिअन्ट’ कुठे वापरावा?

प्रश्न: शब्दकोशात ‘इन्सूसिअन्ट’ (insouciant) या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘बेफिकीर, निश्चिंत’ असा दिला आहे. नोकरीच्या अर्जात ‘ताणातही शांत राहणारा’ या अर्थाने तो चालेल का? ‘नॉनशलंट’ म्हणजेही तेच ना?

उत्तर: अर्जात अजिबात घालू नका. वाचणाऱ्याला ‘कामाची फारशी फिकीर नसलेला’ असंच वाटेल. तुम्हाला हवा असलेला शब्द ‘कम्पोज्ड’.

कोशातल्या दोन अर्थांपैकी ‘बेफिकीर’ हाच धरा. परीक्षा संपल्यावर मूल निश्चिंत असतं, तिथे ‘केअरफ्री’ बसतो. परीक्षेच्या आदल्या रात्री गाणी ऐकत लोळणारं मूल इन्सूसिअन्ट. काळजीचं कारण समोर असायला हवं आणि तरी काळजी नसावी, ही या शब्दाची अट. शिवाय ही बेफिकिरी बाहेरून दिसते, म्हणून खांदे उडवणं, हसू, चाल, बोलण्याचा सूर यांना हे विशेषण वारंवार लागतं: ‘ॲन इन्सूसिअन्ट श्रग’. त्यात बहुधा थोडं कौतुकही असतं. दोष द्यायचा असेल तर ‘केअरलेस’ म्हणा. तो निष्काळजीपणा झाला.

‘नॉनशलंट’ जवळचा आहे, पण थंड. दोन्ही शब्द फ्रेंचमधून आले, मुळं मात्र वेगळी. ‘नॉनशलंट’मध्ये ‘ऊब असणे’ या अर्थाचा लॅटिन धातू नकारासह आहे. ‘कॅलरी’ त्याच कुळातली. म्हणून आतून धडधडत असताना वरवर आणलेल्या थंडपणालाही तो शोभतो. ‘इन्सूसिअन्ट’ इंग्रजीत रुळला 19व्या शतकात. त्याच्या मुळाशी ‘ढवळून काढणे, अस्वस्थ करणे’ असा लॅटिन धातू आहे. मुंबईकरांच्या ओळखीचा ‘सॉलिसिटर’ही तिथलाच! ज्याचं मन ढवळलं जात नाही तो इन्सूसिअन्ट, त्यामुळे हा स्वभावाला जास्त जुळतो.

मराठीत आणताना ‘बिनधास्त’ टाळा, त्यात धाडस मिसळतं. ‘बेपर्वा’त दूषण येतं. ‘त्याने बेफिकिरीने खांदे उडवले’ हे सरळ आणि पुरेसं.

उच्चारात जोर ‘सू’वर द्या. स्पेलिंग चुकतं ते पुढच्या ‘सि’मुळे: पहिला ‘स’ एस या अक्षराचा, दुसरा सी या अक्षराचा. एस-ओ-यू, मग सी-आय-ए. नाम ‘इन्सूसिअन्स’, शेवट सी-ई.