जत्रेत रात्री घेतली, तर सकाळी सहाला गाडी चालवता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: रविवारी जांबोटी भागात गावची जत्रा आहे. रात्री नऊपासून मित्रांबरोबर 'तीन-चार पेग' होतील. सोमवारी सकाळी सहाला बाइकनं चोर्ला घाटातून गोव्यात ड्युटीवर जायचंय. वजन 65 किलो. पाच तास झोपून उठल्यावर पोलिसांच्या फुंकायच्या मशीनमध्ये दारू येईल का, आणि लिंबूपाणी घेतल्यानं लवकर उतरतं का?

मशीनमध्ये येण्याचीच शक्यता जास्त. लिंबूपाण्यानं काहीही उतरत नाही. आणि मशीन ही त्या सकाळची सगळ्यात लहान काळजी आहे.

मी बेळगावात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये बावीस वर्षं रक्त तपासतोय. मूळचा खानापूर तालुक्यातला, म्हणजे तुमच्याच रस्त्यावरचा. तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही, कारण हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी माझ्या मावसभावानं मला विचारला होता आणि मी चुकीचं उत्तर दिलं होतं. ते पुढं सांगतो. आधी हिशेब.

मोटार वाहन कायद्याचं कलम 185 सांगतं की 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गाडी चालवणं गुन्हा आहे. हा केंद्राचा कायदा. आपल्या सीमेवरच्या लोकांचा एक समज असतो, की कणकुंबी ओलांडली की नियम बदलला. चोर्ल्याच्या माथ्यावर कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र अशी तीन राज्यं एकमेकांना भेटतात, पण हा 30 चा आकडा तिन्हीकडं एकच. बाइकला वेगळा, कारला वेगळा असंही नाही.

आता तुमचा पेग. बारमध्ये छोटा पेग 30 मिलीचा आणि मोठा 60 चा असतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. त्या हिशेबानं 30 मिलीत साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. 65 किलोच्या पुरुषाच्या दर 100 मिलिलिटर रक्तात एवढ्यानं साधारण 23 मिलिग्रॅमची भर पडते. म्हणजे एक मोठा पेग रिकाम्या पोटी घेतला तरी 30 ची रेघ ओलांडली गेली. 'एका पेगनं काय होतंय' म्हणणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडून बघावं. जत्रेत तर पेग मोजणारं कोणी नसतंच. स्टीलच्या ग्लासात अंदाजानं ओततात, वर पाणी घालतात, आणि ओतणारा पाहुण्याला कमी कसं द्यायचं म्हणून हात सैल सोडतो. तुमचे 'तीन-चार' हे चार मोठे पेग धरतो. मी आजवर पाहिलेल्या जत्रांवरून हा अंदाज कमीचाच आहे.

चार मोठे पेग म्हणजे 240 मिली, सुमारे 80 ग्रॅम अल्कोहोल. रक्तात 180 च्या आसपास. यकृत ते तासाला सरासरी 15 मिलिग्रॅमच्या वेगानं जाळतं. काहींचं 10 नं उतरतं, काहींचं 20 नं, आणि आपलं कितीनं उतरतं हे कुणालाही आतून कळत नाही. नऊला सुरुवात धरा. सकाळी सहापर्यंत नऊ तास झाले, 135 उतरले, 45 उरले. शून्यावर यायला सकाळचे नऊ वाजतील. यकृत हळू चालणारं असेल तर सहा वाजता तुमच्या रक्तात 90 असेल, कायद्याच्या तिप्पट, आणि तुम्ही दात घासून, चहा पिऊन, हेल्मेट घालून उभे असाल.

सोयीसाठी एवढं लक्षात ठेवा, तुमच्या वजनाला: छोट्या पेगला दीड तास, मोठ्या पेगला तीन, 90 मिलीच्या टेट्रापॅकला साडेचार, 180 मिलीच्या क्वार्टरला नऊ. स्ट्राँग बियरच्या 650 मिलीच्या बाटलीत, आठ टक्के धरले तर, 41 ग्रॅम असतात, म्हणजे तीही सहा तास घेते. बियरला दारू न मानणारे खूप भेटतात, पण ती एक बाटली दोन मोठ्या पेगांएवढी आहे. हे तास पहिल्या घोटापासून मोजायचे आणि बेरीज करायची, शेजारी शेजारी चालवायचे नाहीत. वजन कमी असेल तर तास वाढतात. बाईमाणसाच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळं तेवढ्याच दारूनं आकडा आणखी वर जातो.

लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, ओकारी काढणं: यातलं काहीही रक्तातलं अल्कोहोल कमी करत नाही. पाण्यानं तहान भागते, कॉफीनं डोळे उघडे राहतात. जागा झालेला माणूस शुद्धीवर आला असं वाटतं, एवढंच. नव्वद टक्क्यांहून जास्त काम यकृतच करतं आणि त्याला घाई करता येत नाही. थोडासा भाग श्वासातून, लघवीतून, घामातून बाहेर जातो. जो श्वासातून जातो त्यावरच मशीन चालतं. फुफ्फुसाच्या तळाशी रक्त आणि हवा यांची देवाणघेवाण होते, तिथल्या हवेतलं अल्कोहोल रक्ताच्या प्रमाणात असतं. म्हणून बडीशेप, वेलदोडा, पान, माउथवॉश यांनी वास झाकतो, आकडा झाकत नाही.

मटण-भाकरी पोटभर खाल्ली तर चढत नाही, हेही अर्धंच खरं. भरल्या पोटी अल्कोहोल रक्तात हळू मिसळतं, शिखर थोडं खाली आणि उशिरा येतं. शेवटच्या घोटानंतर अर्धा ते दीड तास आकडा वर चढत असू शकतो. त्यामुळं 'निघताना मला काहीच वाटत नव्हतं' हे खरं असतं, आणि अर्ध्या वाटेवर ते खरं राहत नाही.

आता माझ्या मावसभावाचं.

आमच्या गावची जत्रा होती, मार्चचा महिना. तो सव्वीस वर्षांचा, साठ किलोचा, गोव्यात कामाला. रात्री आठला बसले, साडेबाराला उठले, त्याच्या वाट्याला दीड क्वार्टर आली असेल. पहाटे साडेपाचला तो उठला, तोंड धुतलं, पोहे खाल्ले, आजीच्या पाया पडला. चालताना कुठं तोल गेला नाही, बोलताना जीभ अडखळली नाही. मी अंगणात चहा पीत होतो. त्यानं मला विचारलं, "दादा, निघू काय? काय वाटंना झालंय मला." मी म्हणालो, "झोपलायस की पाच तास. जा सावकाश."

मी रोज रक्त तपासणारा माणूस. दीड क्वार्टर, साठ किलो, साडेनऊ तास हा हिशेब मला तोंडी करता आला असता. मी केला नाही. झोप म्हणजे उतारा, असं माझ्याही डोक्यात लहानपणापासून बसलेलं होतं.

सव्वासहाला रस्त्याच्या कडेला उसाचा ट्रॅक्टर पंक्चर होऊन उभा होता, मागं दोन ट्रॉल्या, ना दिवा ना रिफ्लेक्टर. उजाडत होतं, धुकं नव्हतं. तो सरळ मागच्या ट्रॉलीत गेला. ब्रेकची खूण रस्त्यावर जेमतेम दोन हात होती. आठला दवाखान्यात त्याचं रक्त काढलं, डॉक्टरांनी अल्कोहोलची तपासणीही लिहिली, आणि तो नमुना माझ्या टेबलावर आला. 46. पावणेदोन तास मागं गेलो तर धडकेच्या वेळी सत्तरच्या आसपास. तो वाचला. उजव्या मांडीत रॉड आहे, त्याच बाजूच्या डोळ्याला कडेचं दिसत नाही, गोव्यातली नोकरी गेली. मावशीनं मला कधी दोष दिला नाही. तिला माहीतच नाही की त्यानं मला विचारलं होतं.

सत्तर म्हणजे काय, ते नीट सांगतो. झिंगलेला माणूस डोळ्यांसमोर आणू नका. 20 पासूनच दोन गोष्टींकडं एकदम लक्ष ठेवणं कमी व्हायला लागतं: आरशात बघत समोरचाही अंदाज घेणं. 50 ला हलत्या वस्तूमागं नजर नीट फिरत नाही, हात आणि डोळा यांचा मेळ सुटायला लागतो. 80 ला वेगाचा अंदाज आणि एकाग्रता ढासळते. अमेरिकेत अपघातात सापडलेल्या आणि न सापडलेल्या चालकांची तुलना केली, तेव्हा न प्यायलेल्याच्या मानानं 80 ला अपघाताचा धोका अडीच पटीच्या वर आणि 100 ला जवळजवळ पाच पट निघाला. रेघ सरळ चढत नाही, वर वर जाताना उभी होत जाते. तिथं बहुतेक राज्यांत मर्यादा 80 ची आहे, इंग्लंडमध्येही 80, युरोपात बऱ्याच ठिकाणी 50. आपली 30 आहे आणि मला ती योग्यच वाटते. आपले रस्ते बघा.

ताशी 60 च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचायला अर्धा सेकंद उशीर झाला तर आठ मीटर जादा. आठ मीटर म्हणजे साधारण ट्रॅक्टर आणि त्याच्या मागची एक ट्रॉली. आपल्या भागात थंडीभर उसाची वाहतूक, पांढरे पट्टे नसलेले हंप, वळणावर बसलेल्या म्हशी, पावसाळ्यात चोर्ल्याच्या माथ्यावर दहा फुटांवरचंही दिसू न देणारं धुकं. हा अर्धा सेकंद दुसऱ्या कुठल्या सरळ-रुंद हमरस्त्यावर कदाचित पचून जाईल. जांबोटी ते साखळी या रस्त्यावर तो पचत नाही.

शिवाय दारू पिऊन आलेली झोप तुटक असते. आकडा शून्यावर आला तरी डोकं जड आणि प्रतिसाद मंद राहतो. वर सर्दीची, ॲलर्जीची गोळी घेतली असेल तर आणखी पेंग येते. दारू आणि ती गोळी एकत्र घेऊच नका.

कायद्याचं थोडक्यात. 1 सप्टेंबर 2019 पासून पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर 15,000 दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ही जागेवर पावती फाडून मिटणारी केस नाही, कोर्टात उभं राहावं लागतं. लायसन्सही निलंबित होऊ शकतं. फुंकायला नकार दिला आणि पोलिसांना दारूचा संशय आला तर वॉरंटशिवाय अटक करता येते. गाडीची नुकसानभरपाई विमा कंपनी नाकारू शकते. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की श्वासाची किंवा रक्ताची तपासणी झाली नसली तरी इतर पुराव्यांवरून चालक नशेत होता हे कंपनी सिद्ध करू शकते. आणि तुमच्या गाडीखाली दुसरं कोणी गेलं, तर दहा हजारांचा विषय उरतच नाही.

तुम्हाला जत्रेत जाऊ नका किंवा घेऊ नका असं मी म्हणत नाही. गावात राहून न घेणं किती अवघड जातं हे मला ठाऊक आहे, मित्र ग्लास हातात कोंबतात. म्हणून रात्रीवर काही सोडू नका, आजच ठरवा. सुपरवायझरला आजच फोन करून सोमवारची सेकंड शिफ्ट किंवा सुट्टी मागून घ्या. जत्रा म्हटल्यावर गोव्यातल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही, अर्धे कामगार आपल्याकडचेच असतात. ते जमत नसेल तर बाइक गावातच ठेवा, बेळगावहून चोर्ल्यामार्गे पणजीला बस जातात, तिनं जा. तेही जमत नसेल आणि सहाला स्वतःच गाडी काढायची असेल, तर रविवारी एका छोट्या पेगवर थांबा, तोही रात्री दहाच्या आत, आणि पुढं ग्लासात नुसता सोडा ठेवा. हातात ग्लास दिसला की कोणी आग्रह करत नाही. गाडीची चावी पिण्याआधी घरातल्या मोठ्या बाईकडं द्या, आईकडं, काकीकडं. सकाळी ती मागायला जाताना रात्रीचा हिशेब तिला तोंडी सांगायचा, मगच घ्यायची. आमच्या घरी आता अशीच पद्धत आहे. मावशी चावी पदराला बांधून झोपते.

रविवारी काय आणि किती घेतलंत, किती वाजता सुरू केलंत, ते खरं खरं इथं खाली लिहा. मी सोमवारी पहाटे पाचला उठलेला असतो, तास काढून सांगतो.