आईची बढती, मुलीची अकरावी आणि कोर्टाची परवानगी

प्रश्न : मी नाशिकला एका औषध कंपनीत नोकरी करते. आम्ही नवरा-बायको चार वर्षं वेगळे राहतो, घटस्फोटाची केस फॅमिली कोर्टात चालू आहे. अंतरिम आदेशाने मुलीचा ताबा माझ्याकडे आहे. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी ती बाबांकडे जाते. यंदा ती दहावीला आहे आणि डॉक्टर व्हायचं म्हणते. मला बंगळुरूला बढती मिळतेय, जूनमध्ये रुजू व्हायचंय. तिला अकरावीला तिथेच घातलं तर नीटचे क्लासही चांगले मिळतील. कायद्याची काही अडचण येईल का? तिच्या बाबांना अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : ताई, बढतीबद्दल आधी अभिनंदन. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण सगळी गाठ तिथेच आहे.

मी वकील नाही. पण दाखल्यांसाठी धावपळ करणारे पालक रोज माझ्यासमोर बसतात, त्यामुळे या वाटेवर ठेच कुठे लागते ते माहीत आहे. तो अंतरिम आदेश कपाटातून काढा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. परवानगीशिवाय मुलीला कोर्टाच्या हद्दीबाहेर न्यायचं नाही, अशी अट बऱ्याच आदेशांत असते. पालक आणि पाल्य कायदा, १८९० याच्या कलम २६ मध्येही कोर्टाने नेमलेल्या पालकावर असंच बंधन आहे. तुमच्या आदेशात ते वाक्य नसलं, तरी महिन्यातले दोन रविवार आहेतच. हजारेक किलोमीटरवरून ते पाळता येणार नाहीत. म्हणजे सामान हललं की आदेश मोडला. आधी जाऊ, मग कोर्टाला सांगू, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. शाळेतून दाखला काढायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांच्या टेबलावर बाबांचा हरकतीचा अर्ज आधीच पडलेला असतो, हे मी पाहिलं आहे. त्यात मुलीचा प्रवेश लटकतो.

परवानगी मिळतच नाही असं मात्र समजू नका. पुण्यातल्या एका इंजिनीअर आईला पोलंडमध्ये नोकरीची संधी आली होती. फॅमिली कोर्टाने नऊ वर्षांच्या मुलीला न्यायला नकार दिला, आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी दिली. मूल की करिअर, यातलं एक निवड असं आईला सांगता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. बापाच्या भेटीची सोयही त्याच आदेशात झाली. ताब्याचे आदेश कायमचे नसतात, परिस्थिती बदलली की ते बदलून मागता येतात, हे सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं आहे.

पण कोर्ट एकच गोष्ट तोलतं, मुलीचं हित. आणि ताई, इथे तुमची बाजू तुम्हाला वाटते तेवढी भक्कम नाही.

महाराष्ट्रातल्या मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी अधिवास दाखला तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या लागतात. मोजके अपवाद आहेत, पण खासगी कंपनीतली बढती त्यात बसत नाही. बारावी बंगळुरूला झाली की आपल्या सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागांवर पाणी सोडायचं. कर्नाटकात तरी काय? तिथल्या सरकारी कोट्यासाठी सर्वसाधारणपणे सात वर्षं त्याच राज्यात शिकलेलं असावं लागतं. तिची होतील दोन. मग उरतात अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा, एम्ससारख्या संस्था, अभिमत विद्यापीठं आणि खासगी कॉलेजं. यातल्या अभिमत आणि खासगी कॉलेजांची फी तुमच्या बढतीच्या पगारालाही पेलणारी नाही. क्लास चांगला आणि पोरगी ना इकडची ना तिकडची! बाबांच्या वकिलाला एवढा एकच मुद्दा पुरेल. (नियम दरवर्षी थोडे हलतात, तेव्हा राज्यातले हे प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलची चालू वर्षाची माहितीपुस्तिका पाहून घ्या.)

इंजिनीअरिंगचं इतकं कडक नाही. तिथे महाराष्ट्राच्या अधिवासावर बारावी बाहेरून करूनही वाट राहते. म्हणून डॉक्टर व्हायचंय हे तिचं म्हणणं कितपत पक्कं आहे, ते आधी नीट तपासा. गरज वाटली तर तिला एकटीला माझ्याकडे पाठवा. पंधरा वर्षांच्या मुलीला न्यायाधीश चेंबरमध्ये बोलावून विचारू शकतात. तेव्हा तिला काही पढवू नका, पढवलेलं पहिल्या दोन वाक्यांत कळतं.

मेडिकल पक्कं असेल तर माझं मत असं : कंपनीकडे दोन वर्षं मागा. महाराष्ट्रातल्या एखाद्या ऑफिसातून काम, महिन्याला दोन फेऱ्या, जे जमेल ते. तिला आजीकडे नाशिकला ठेवून तुम्ही एकटीने जाणं सोपं वाटेल, पण मग बाबा कोर्टात म्हणतील, ‘आई बंगळुरूला, मी तर नाशिकमध्येच आहे की.’ आणि ते म्हणणं चुकीचंही नसेल.

मेडिकल नसेल आणि जायचंच ठरलं, तर परवानगीचा अर्ज आत्ताच टाका, दहावीच्या निकालाची वाट बघत बसू नका. अर्जासोबत बढतीचं पत्र, कॉलेजची माहिती, राहण्याची जागा, तुम्ही ऑफिसात असताना घरी कोण असेल ते, आणि भेटींचा नवा तक्ता जोडा. दिवाळी आणि मे महिन्यातले किती दिवस बाबांकडे, व्हिडिओ कॉल कोणत्या वारी, तिकिटाचा खर्च कोणाचा, सगळं लिहा. ‘सुट्टीत भेटवू’ एवढ्याने भागत नाही. बाबा तयार झाले तर संमतीच्या अटी कोर्टात दाखल करून आदेश घ्या, नुसत्या व्हॉट्सॅपवरच्या ‘ओके’वर जाऊ नका. फॅमिली कोर्टात विवाह समुपदेशक असतात, त्यांच्यासमोर बसून हे ठरवता येतं.

पण त्याआधी बाबांना सांगा, आणि तुम्हीच सांगा. येत्या भेटीच्या रविवारी मुलीला सोडायला जाल तेव्हा तिच्याकडून निरोप धाडू नका. तिची पूर्वपरीक्षा तोंडावर आहे.