वाचकांचे प्रश्न: मॅडिसनमधलं जुनं विटांचं घर

प्रश्न: कमिन्समधल्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून कोलंबसला (इंडियाना) आलो. याच राज्यातल्या मॅडिसनला ओहायो नदीजवळ १८५०च्या सुमाराचं दुमजली विटांचं घर विकाऊ आहे. किंमत परवडते, पण दर्शनी भिंतीच्या विटांचे पापुद्रे सुटलेत. एजंट म्हणतो, "सिमेंटने दरजा भरा, वरून वॉटरप्रूफिंग मारा, काम झालं." घ्यावं का?

उत्तर: घर घेता येईल, एजंटचा सल्ला मात्र घेऊ नका. बहुधा त्याच उपायाने त्या विटा फुटल्या आहेत.

त्या काळच्या विटा कमी आचेवर भाजलेल्या, म्हणून मऊ. दरजांत, म्हणजे विटांमधल्या फटींत, चुना आणि वाळू. भिंतीत शिरलेली ओल विटेपेक्षा मऊ असलेल्या चुन्यातून बाहेर पडायची आणि झीज व्हायचीच तर दरजेची व्हायची. दरज पुन्हा भरता येते, वीट नाही. सिमेंटने ही वाट बंद होते, मग ओल विटेच्या तोंडाशी येऊन थांबते. हिवाळ्यात तिथेच तिचा बर्फ होतो, पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि विटेचा दर्शनी थर सुटतो. वॉटरप्रूफिंगचा लेपही ओल अशीच आत कोंडतो. पुण्यातल्या जुन्या वाड्यांना सिमेंटचा गिलावा मारल्यावर भिंतींना लोणा का लागतो, याचं उत्तरही हेच.

पाहायला जाल तेव्हा दरज किल्लीने खरवडा. भुगा पडला तर चुना, किल्ली नुसती घसरली आणि रंग करडा असला तर सिमेंट. मग पाणी कुठून येतं ते शोधा: तुंबलेली पन्हळ, पायाशीच रिकामा होणारा पाइप, घराकडे उतरती जमीन. जमीन भिंतीपासून पहिल्या १० फुटांत निदान ६ इंच उतरती हवी. हे आधी दुरुस्त करा, नाहीतर दरजांवरचा खर्च वाया जाईल.

दरजा सगळ्या भिंतीच्या भरू नका, फक्त गेलेल्या भरा. जुना माल छिन्नी-हातोडीने, दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल काढा. ग्राइंडर उभ्या दरजांत हमखास वरखालच्या विटा कापतो, त्यामुळे "दोन दिवसांत उरकतो" म्हणणाऱ्या गवंड्याला नाही म्हणा. एक भाग चुना, अडीच ते तीन भाग वाळू. वाळूचा रंग आणि दाणा जुन्याशी जुळवून घ्या. सिमेंट हवंच असा गवंड्याचा हट्ट असेल, तर १ सिमेंट, २ चुना, ९ वाळू ही कमाल मर्यादा. तितकंही या विटांना जास्तच. दरज आधी भिजवा आणि पाव इंचाच्या थरांनी भरा. थर अंगठा दाबल्यावर ठसा उमटेल इतका घट्ट झाला की पुढचा थर द्या. नंतर निदान तीन दिवस ओलं गोणपाट लावून ठेवा. चुना भराभर वाळला तर त्याची पावडर होते. रात्रीचं तापमान ४० फॅरनहाइटच्या खाली जात असेल तर काम काढू नका; एप्रिलअखेर ते सप्टेंबर हा काळ बरा.

मंजुरीचं काय? नदीकाठच्या जुन्या गावाचे १३३ ब्लॉक २००६मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले. मालकाचे हात त्या किताबाने बांधले जात नाहीत, ते बांधतो शहराचा स्थानिक नियम. बाहेरून दिसणाऱ्या बदलासाठी हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट बोर्डाची मंजुरी लागते. काम ठरवण्याआधीच नगर नियोजन कार्यालयात विचारा. आणि २० टक्के फेडरल करसवलत उत्पन्न देणाऱ्या इमारतींना असते, स्वतः राहायच्या घराला नाही. घराचा हिशेब ती धरून करू नका.

प्रश्न: मुलाने असंच घर घेतलंय. आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी जाणार आहोत. नातू तीन वर्षांचा, खिडकीशीच खेळतो. तिथल्या रंगात शिसं असतं म्हणतात?

उत्तर: १९७८पूर्वीच्या घरात असतं असंच धरून चला. खरा धोका भिंतीवरच्या शाबूत रंगाचा नाही. खिडकी वरखाली सरकताना रंग घासला जातो आणि खाचेत बारीक धूळ साठते. ती मुलाच्या हाताला लागून तोंडात जाते. खिडकीची चौकट आणि खाच ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या. झाडूने किंवा साध्या व्हॅक्युमने धूळ उडते, अतिबारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचाच व्हॅक्युम लागतो. कोरडी सँडपेपरची घासाई अजिबात नको, रंगकामाला लेड-सेफ (शिशाचा रंग सुरक्षितपणे हाताळण्याचं) प्रमाणपत्र असलेलाच माणूस बोलवा. डॉक्टरांना सांगून नातवाच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या.

म्हणून खिडक्या काढून प्लॅस्टिकच्या बसवायला निघू नका. जुनं लाकूड टिकाऊ असतं. बाहेरून स्टॉर्म विंडो, म्हणजे जुन्या खिडकीवर बसणारी जादा काचेची खिडकी, लावली की ऊब दुहेरी काचेच्या जवळपास राहते. तिच्या खालच्या कडेची बारीक भोकं बुजवू नका, त्यांतून पाणी निघतं.

प्रश्न: स्वयंपाकघरात फोडणी दिली की वरच्या मजल्यापर्यंत ठसका. हूड आहे, पण हवा आतच सोडतो.

उत्तर: आतच हवा फिरवणारा हूड फार तर तेल अडवतो. हवा घराबाहेर सोडणारा हूड घ्या, साधारण ३०० ते ४०० सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा ओढणारा). त्याहून मोठा घ्याल तर बाहेरून ताजी हवा आत आणायची सोयही करावी लागते. नाहीतर पंखा चिमणीतली हवा उलटी ओढतो आणि गॅसच्या वॉटर हीटरचा कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. त्याचा अलार्म प्रत्येक मजल्यावर लावा. डक्ट ६ इंची, गुळगुळीत पत्र्याचा, कमीत कमी वळणांचा. घडीच्या नळीत तेल साचून आग लागू शकते. जुन्या धुराड्यात तर तो मुळीच सोडू नका. मागच्या बाजूला नंतर वाढवलेली लाकडी खोली असेल तर तिथून काढा: विटांची भिंत वाचते, आणि रस्त्यावरून न दिसणाऱ्या बदलाला मंजुरी मिळणं सहसा सोपं जातं.

प्रश्न: पुराचा विमा लागेलच का?

उत्तर: ओहायोचा १९३७चा महापूर गावाला माहीत आहे. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो. फेडरल पूर विमा घराला २,५०,००० आणि सामानाला १,००,००० डॉलरपर्यंत मिळतो, पण सहसा ३० दिवसांनी लागू होतो. नदी चढताना घेऊन उपयोग नाही. घर खरेदीच्या कर्जाबरोबर घेतला तर ही थांबण्याची अट नसते. तळघरातल्या सामानाला जवळपास काहीच मिळत नाही, तेव्हा धान्याचे डबे वर ठेवा. विक्रेत्याकडे एलेव्हेशन सर्टिफिकेट, म्हणजे घर पुराच्या पातळीच्या तुलनेत किती उंचीवर आहे याचा दाखला, मागा.

प्रश्न: रोजचं जगणं कसं असेल?

उत्तर: मेन स्ट्रीटवर पायी फिरता येतं, पण मोठी दुकानं टेकडीवर, म्हणून गाडी लागतेच. भारतीय किराण्यासाठी लुईव्हिल, तासाभरावर. जुलैच्या सुरुवातीला बोटींच्या शर्यती असतात तेव्हा नदीकाठी पार्किंग मिळत नाही. घर बदलायचं सामान त्या आठवड्यात आणू नका.