तुझ्या लेआउटबद्दल

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

पुण्याजवळच्या वाघोलीकडच्या टाउनशिपचा तू केलेला लेआउट, म्हणजे इमारती-रस्त्यांचा आराखडा, पाहिला. ड्रॉइंग स्वच्छ आहे, नियमही नीट बसवलेस. पण एवढ्या मोठ्या जागेला एकच गेट का? मागच्या कंपाउंड वॉलपलीकडे शाळा दिसते आहे. शेवटच्या इमारतीतून ती हाकेच्या अंतरावर, पण तिथल्या पोराला मेन गेटमधून वळसा घालून किलोमीटरभर जावं लागेल. म्हणजे त्याला स्कूल बस आली, आईला स्कूटर आली. बागेत तू जॉगिंग ट्रॅक मात्र झकास आखलास. गाडीने घरी यायचं आणि मग तिथे गोल गोल फिरायचं!

आता दुसरा मुद्दा, मला जास्त टोचलेला. मोठ्या महापालिकांच्या हद्दीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर मूळ एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधकाम करायला मुभा असते त्याच्या, २० टक्के घरं अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची, हा नियम २०१३ पासून आहे. ती घरं तू एका टॉवरमध्ये कोंबून नाल्याकडच्या कोपऱ्यात ढकललीस, वर त्यांना रस्ताही वेगळा. बिल्डरने सांगितलं असणार, कळतंय मला. पण तुझ्या चारशे फ्लॅटमध्ये पोळ्या लाटणारी बाई, वॉचमन, बालवाडीची शिक्षिका, नुकता नोकरीला लागलेला मुलगा, यांनी कुठे राहायचं? ही माणसं रोज दोन बस बदलून येणार असतील तर ‘वॉकेबल’ (सगळं चालत गाठता येईल असं) हा शब्द ब्रोशरमधून काढायला सांग.

एखादा शनिवार काढून नवी मुंबईतल्या बेलापूरला जा. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी ऐंशीच्या दशकात केलेली आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत बघ. सात घरांमध्ये मिळून एक चौक, साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचा. असे तीन गट एकत्र आले की एकवीस घरांमध्ये त्याहून मोठी मोकळी जागा, आणि पुढे तसंच वाढत जातं. प्लॉट लहानमोठे आहेत, पण फरक बेताचा: ४५ ते ७५ चौरस मीटर. त्यामुळे कमी पगाराचा आणि बऱ्या पगाराचा माणूस एकाच चौकात राहू शकतो. घरांच्या भिंती एकमेकांना चिकटलेल्या नाहीत, म्हणून शेजाऱ्याची परवानगी न मागता खोली वाढवता येते. लोकांनी वाढवल्याही. कित्येकांनी मूळ घर पाडून दोन-तीन मजली बंगले चढवले आहेत. आर्किटेक्ट मंडळी तिथे जाऊन हळहळतात. मला त्यात वाईट काही दिसत नाही; घर वाढावं म्हणूनच ती रचना होती. तू दर्शनी भाग बघत बसू नकोस, टेप घेऊन चौक मोज.

मग जमलं तर इंदूरची ‘अरण्य’ ही वसाहत बघ. तिथे आपली मराठी माणसं गल्लोगल्ली आहेत, राहायची पंचाईत नाही. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी ८५ हेक्टरवर सुमारे ६,५०० प्लॉट आखले, त्यातला सगळ्यात लहान ३५ चौरस मीटरचा. गरिबाला पूर्ण घर दिलं नाही. जोतं, संडास-मोरी आणि नळ दिला, वरचं त्याने पैसा येईल तसं बांधायचं. आणि हा खर्च निघाला कुठून? मोठे प्लॉट आणि दुकानांच्या जागा नफ्याने विकून. बिल्डरला हा हिशोब समजतो, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता तुझा पार्किंगचा तक्ता. अडीच बाय पाच मीटरची एक गाडी म्हणजे साडेबारा चौरस मीटर. त्यात ड्राइव्ह-वे आणि रॅम्पचा वाटा धर, की पंचवीस-तीसवर जातं. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत अत्यल्प उत्पन्न गटाच्या घराचं चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत होतं. एका गाडीला आपण जवळजवळ एका कुटुंबाएवढी जागा देतो, आणि पोडियमच्या (इमारतीखालच्या पार्किंगच्या मजल्याच्या) स्लॅबचा खर्च फ्लॅटच्या दरात घालतो. नियमाला लागेल तेवढंच पार्किंग दे, त्यावर एकही नको.

फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा ठेव. विजेचा डीपी बॉक्स आणि झाडाचं आळं त्यात धरायचं नाही. प्रत्येक इमारतीच्या गेटपाशी तू फुटपाथ खाली उतरवला आहेस. उलट कर. फुटपाथ सलग एका पातळीत जाऊ दे आणि गाडीला त्यावरून चढउतर करू दे. गुडघे दुखणारी आजी दर वीस पावलांवर पायरी उतरणार नाही, ती घरीच बसेल. रस्त्याकडच्या तळमजल्यावर पार्किंगच्या जाळ्यांऐवजी दुकानांचे गाळे काढ. वाणी, इस्त्रीवाला, दवाखाना. पिठाची गिरणी कडेला ठेव, आवाजावरून भांडणं होतात.

बिल्डरसमोर बसशील तेव्हा हे सगळं एकदम काढू नकोस. आधी मागचं गेट माग. एक वॉचमन आणि तीन मीटरची वाट, फार खर्च नाही. शिवाय ‘शाळा चालत पाच मिनिटांवर’ हे त्यालाच जाहिरातीत छापता येईल. तो राजी झाला की कोपऱ्यातला टॉवर फोडून लहान घरं सगळ्या इमारतींत पसरवायचं बोल. तो देखभाल खर्चाचं कारण पुढे करेल. लहान घरांना चौरस फुटाप्रमाणे मेंटेनन्स लावला तर किती येतो, हा आकडा आधीच काढून ने.

सुधारलेला लेआउट पाठव, सोबत पार्किंगचा तक्ताही.

तुझे
सर