सापाला खायला कुठे घालायचं?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. मुलीच्या हट्टापायी दीड वर्षाचा कॉर्न स्नेक आणला. पेटीतच उंदीर दिला तर साप हातालाही खाऊ समजू लागेल, म्हणून खायला वेगळ्या डब्यात काढा, असं दुकानदार म्हणतो. खरं आहे का?

उत्तर : सल्ला जुना आहे आणि आम्हाला तो पटत नाही. डब्यात उंदीर गिळून झाला की सापाला परत पेटीत ठेवावं लागतं. त्या वेळी त्याची भूक चाळवलेली असते, डब्यात उंदराचा वास कोंडलेला असतो आणि त्यातच तुमचा ऊबदार हात जातो. चावा बसायचा तर तिथेच बसतो. शिवाय अख्खा उंदीर पोटात असताना उचललं, तर साप तो ओकून टाकू शकतो. तेव्हा पेटीतच द्या. (एका पेटीत दोन साप असतील तर मात्र गोष्ट वेगळी. पण ते मुळात ठेवूच नयेत.)

हाताची भीती घालवायला खूण शिकवा. एरवी उचलण्याआधी कागदाची सुरळी त्याच्या अंगाला मधोमध हलकेच लावायची. ती लागली की आज खाऊ नाही, हे त्याला काही आठवड्यांत उमगतं. हात आधी साबणाने धुवा. हाताला उंदराचा वास असेल तर खूण काही कामाची नाही.

उंदीर गोठवलेलाच घ्या. जिवंत उंदीर सापाला चावतो, आणि ती जखम चिघळते. उंदराची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी, फार तर दीडपट. रात्रभर फ्रीजमध्ये, अन्नापासून दूर, बंद डब्यात ठेवून त्याचा बर्फ सुटू द्या. मग पिशवीत घट्ट बांधून अंघोळीच्या पाण्याइतक्या, साधारण 40 अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. पोट दाबून पाहा. आत खडा लागला तर अजून बर्फ आहे. मायक्रोवेव्ह नको, उंदीर बाहेरून शिजतो, आत गारच राहतो, कधी फुटतोही. टिपून कोरडा करा, ओल्याला भुसा चिकटतो. ३० सेंटीमीटरच्या चिमट्याने धरून, डोकं सापाकडे करून, फरशीच्या तुकड्यावर द्या. वेटोळं घातलं की चिमटा सोडायचा आणि निघून जायचं. पुढे ४८ तास हात लावायचा नाही.

डोळे निळसर दुधाळ झाले असतील, तर साप कात टाकण्याच्या बेतात आहे. तेव्हा नकार दिला तर काळजी नको. नाकारलेला उंदीर फेका, पुन्हा गोठवू नका.

प्रश्न : खाल्लेलं दोन दिवसांनी ओकलं. लगेच पुन्हा द्यायचं का?

उत्तर : नाही. दहा ते चौदा दिवस थांबा, पाणी भरपूर ठेवा. आधी तापमान पाहा : पेटीची गरम बाजू 28 ते 30 अंश हवी, गार पेटीत अन्न पचण्याऐवजी पोटात कुजतं. मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर द्या. पुन्हा ओकलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा.

प्रश्न : आमच्या सातारच्या गोदामात उंदीर फार झालेत. धामण पाळावी का?

उत्तर : पाळता येणार नाही. आपल्याकडचे रानसाप पकडून ठेवायला 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो. आपणहून येत असेल तर येऊ द्या, आणि तिच्यासाठी दुधाची वाटी ठेवू नका, साप दूध पचवू शकत नाही.