पाहुण्यांचे ॲमस्टरडॅम आणि रहिवाशांचे ॲमस्टरडॅम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गेल्या एप्रिलमध्ये सहलीला आलात तेव्हा ॲमस्टरडॅम तुम्हा दोघांनाही फार आवडले, आता तिथल्याच कंपनीने नोकरी देऊ केली आहे, मुलगी लवकरच चार वर्षांची होईल, तेव्हा चार दिवस फिरायला इतके छान वाटलेले शहर संसार थाटायलाही तितकेच चांगले ठरेल का? मी मूळचा सोलापूरचाच. आईवडील आजही जुळे सोलापुरात राहतात आणि मी अनेक वर्षे आधी ॲमस्टरडॅममध्ये व आता त्याला लागून असलेल्या आम्स्टलव्हेनमध्ये राहत आहे. माझे उत्तर आधीच सांगतो. हे शहर राहायला चांगले आहे. मात्र ज्या कारणांसाठी ते तुम्हाला आवडले, त्या कारणांसाठी नव्हे, आणि तुम्ही जो भाग पाहिलात तिथे तर मुळीच नव्हे.

ही गोष्ट सोलापूरकराला पटवून द्यावी लागू नये, कारण आपले गाव याच्या नेमके उलट उदाहरण आहे. लोकसंख्येने दोन्ही शहरे जवळपास सारखी आहेत. 2011 च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचे होते आणि ॲमस्टरडॅमही नऊ लाखांच्या वरच आहे. आपल्याकडे पंढरपूर, तुळजापूर आणि अक्कलकोटला जाणारे लाखो भाविक स्टेशनवर उतरतात, लॉजवर एक रात्र काढतात आणि पहाटेच्या एसटीने पुढे निघून जातात. भुईकोट किल्ला किंवा तलावातले सिद्धरामेश्वरांचे मंदिर पाहण्यासाठी मुद्दाम थांबणारे त्यांत थोडेच. पाहुण्याला सोलापुरात फारसे काही सापडत नाही. पण मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकत वाढलेल्या, संक्रांतीला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालणाऱ्या माणसाला ते सोडवत नाही. त्याच माणसाला नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल याचा हिशेबही ठेवावा लागतो, आणि तो त्रास एका रात्रीच्या पाहुण्याला कळतही नाही. म्हणजे पाहुण्याला जे दिसते आणि रहिवाशाला जे सोसावे लागते, त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही.

तुम्ही ॲमस्टरडॅममध्ये पाहिलेत ते सतराव्या शतकातले कालवे, ज्यांना युनेस्कोने 2010 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. शिवाय संग्रहालये, होडीतला फेरफटका आणि ट्युलिपच्या बागा. यांतली क्युकेनहोफची बाग मुळात ॲमस्टरडॅममध्ये नाहीच, ती लिसे या दुसऱ्या गावात आहे आणि वर्षातून जेमतेम दोन महिने उघडी असते. कालव्यांचा भाग खरोखर सुंदर आहे, यात शंका नाही. मी पहिल्यांदा भाड्याने राहिलो ते त्याच भागाच्या कडेला. त्या रस्त्यांना विटांची फरसबंदी आहे आणि पहाटे साडेचार-पाच वाजता विमान गाठायला निघालेल्या प्रवाशांच्या बॅगांची लहान चाके त्या विटांवरून जाऊ लागली की तो खडखडाट दुसऱ्या मजल्यापर्यंत येऊन झोप मोडत असे. वरचा फ्लॅट पर्यटकांना दिला जात होता, त्यामुळे दर दोन-तीन दिवसांनी कोणी तरी अनोळखी माणूस रात्री आमचीच बेल वाजवून किल्ली मागे. रस्त्यावर वॉफल, चीज आणि भेटवस्तूंची दुकाने ओळीने होती. खिळा-स्क्रू किंवा साधा पाव घ्यायचा तर मात्र दोन पूल ओलांडून जावे लागे.

महापालिकेने याकडे डोळेझाक केली, असे मात्र मी म्हणणार नाही, आणि हा मुद्दा तुमच्या निर्णयासाठी महत्त्वाचा आहे. 2017 मध्ये मध्यभागात केवळ पर्यटकांसाठीची नवी दुकाने काढण्यास मनाई झाली. 2018 च्या अखेरीस संग्रहालयांच्या चौकातली, फोटोसाठी गर्दी खेचणारी ‘I amsterdam’ ही प्रसिद्ध मोठी लाल-पांढरी अक्षरे हलवली गेली. स्वतःचे राहते घर पर्यटकांना भाड्याने देण्याची मुदत 2019 पासून वर्षाला 30 रात्रींवर आली. 2021 मध्ये, सुमारे तीस हजार रहिवाशांनी सह्या केलेल्या मागणीनंतर, पर्यटकांच्या मुक्कामाची संख्या वर्षाला दोन कोटी रात्रींच्या पुढे जाऊ लागली की महापालिकेने पावले उचललीच पाहिजेत, असा नियम झाला. 2024 पासून मुक्कामावरचा पर्यटन कर खोलीच्या भाड्याच्या साडेबारा टक्के आहे, आणि जुने हॉटेल बंद झाल्याशिवाय नवे उघडता येत नाही. गर्दी यामुळे आटोक्यात आली असे नाही. पण आपल्या शहरात आपले म्हणणे ऐकले जाते हे रहिवाशाला जाणवते, आणि मला त्याचे मोल वाटते.

पर्यटनाचा रहिवाशाला फायदाही होतो, हे न सांगणे अन्यायाचे होईल. नऊ-साडेनऊ लाखांच्या शहराला इतकी संग्रहालये, नाट्यगृहे आणि जगभर जाणारी विमाने एरवी मिळाली नसती. संग्रहालयांचे वर्षभराचे कार्ड घेतले की पावसाळी रविवारी मुलांना तासाभरासाठीसुद्धा नेता येते आणि तिकिटाचे पैसे वसूल करण्यासाठी दिवसभर पाय ओढत फिरावे लागत नाही.

आता खरा प्रश्न घराचा आहे, आणि तुमचा निर्णय निम्म्याहून अधिक त्यावरच ठरला पाहिजे. खासगी भाड्याच्या बाजारात दोन झोपायच्या खोल्यांच्या साध्या घराला महिना दोन हजार युरोंच्या पुढे मोजण्याची तयारी ठेवा. घरमालक सहसा भाड्याच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त पगाराची चिठ्ठी मागतात आणि एकेका घरासाठी अनेकांचे अर्ज येतात. जुलै 2024 पासून मध्यम भाड्याच्या घरांनाही गुणांच्या पद्धतीने, म्हणजे घराचे क्षेत्रफळ, सोयी यांना गुण देऊन, भाड्याची कमाल मर्यादा लागू झाली. नियम भाडेकरूच्या भल्याचा आहे, परंतु त्यानंतर अनेक मालकांनी घरे भाड्याने देण्याऐवजी विकायला काढली, त्यामुळे नव्याने येणाऱ्याला शोध आणखी कठीण झाला आहे. अनामत रक्कम दोन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक घेता येत नाही, असा कायदा 2023 पासून आहे. कोणी जास्त मागितली, किंवा घर न दाखवताच पैसे पाठवायला सांगितले, तर तिथेच थांबा.

घर पाहताना सर्वांत आधी विचारायचे ते हे की त्या पत्त्यावर महापालिकेत नोंदणी करता येईल का. चार महिन्यांहून अधिक राहायला येणाऱ्याने आल्यापासून पाच दिवसांत नोंदणी करायची असते आणि त्या नोंदणीतूनच नागरी सेवा क्रमांक मिळतो; पगार, बँक, विमा, शाळा यांपैकी काहीही त्या क्रमांकाशिवाय नीट पुढे सरकत नाही. काही मालक घर देतात पण नोंदणीला नाही म्हणतात. असे घर पाहुण्याला चालेल. तुम्हाला मात्र ते फुकट दिले तरी घेऊ नका. कंपनीशी बोलताना पगारात थोडी वाढ मागण्यापेक्षा नोंदणी करता येईल असे दोन-तीन महिन्यांचे तात्पुरते घर लेखी मागून घ्या. परदेशातून आणलेल्या कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भाग करमुक्त धरण्याची जी सवलत मिळते ती जास्तीत जास्त पाच वर्षांची असते आणि 2027 पासून तो भाग 30 ऐवजी 27 टक्के असा ठरला आहे, म्हणून घरभाड्याचे गणित ती सवलत वगळून मांडा.

कुठे राहावे, याबाबत माझे मत स्पष्ट आहे. स्टेशनच्या मागून पाण्यापलीकडे जाणारी होडी फुकट असते, त्या पलीकडच्या नॉर्ड भागात घरे तुलनेने मोठी आहेत, आणि 2018 मध्ये उत्तर-दक्षिण मेट्रो सुरू झाल्यापासून तो भाग दूरही राहिलेला नाही. लहान मूल असलेल्या भारतीय कुटुंबांची पसंती मात्र बहुधा आम्स्टलव्हेनला असते. तिथून 25 क्रमांकाची ट्राम थेट झाउद स्टेशनला जाते, मोठमोठी कार्यालये त्याच परिसरात आहेत, आणि इमारतीच्या जिन्यात संध्याकाळी फोडणीचा वास आला तर कोणी वळून पाहत नाही. पर्यटक तिथे फिरकत नाही, कारण पाहण्यासारखे तिथे फार काही नाही. ग्रंथालय, खेळाची मैदाने, दवाखाने आणि शाळा मात्र चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

मुलीच्या शाळेचे लवकर पाहा. चार वर्षे पूर्ण झाली की मूल प्राथमिक शाळेत जाऊ शकते आणि पाच वर्षे पूर्ण झाली की शाळा सक्तीची होते. ॲमस्टरडॅममध्ये प्रवेशासाठी घराच्या सर्वांत जवळच्या आठ शाळांमध्ये प्राधान्य मिळते, म्हणजे पत्ता ठरला की शाळाही जवळजवळ ठरतेच. आंतरराष्ट्रीय शाळेच्या खर्चात पडू नका, असाच माझा आग्रह राहील. चार वर्षांचे मूल डच शाळेत वर्षभरात तिथल्या मुलांसारखे बोलू लागते, आणि सोलापुरात शेजाऱ्यांकडून कन्नड, तेलुगू सहज उचलणारी आपली मुले एका भाषेने बिचकत नाहीत. वेळ आईवडिलांना लागतो. तुमच्या पत्नींना तुमच्या परवान्याच्या आधारे स्वतंत्र परवानगीशिवाय नोकरी करता येईल. पण त्या शिक्षिका आहेत, आणि इथल्या शाळेत शिकवण्यासाठी डच चांगली यावी लागते. त्यांनी सोलापुरात असतानाच शिकायला सुरुवात करावी.

आजारपणाची व्यवस्था आपल्याकडच्यासारखी नाही. आरोग्य विमा आल्यापासून चार महिन्यांत घ्यावाच लागतो. प्रौढ माणसाला त्याचे महिन्याला साधारण दीडशे युरो पडतात, मुलांना काही पडत नाही. वर्षाला पहिले 385 युरो प्रौढाने स्वतः भरायचे असतात, मात्र फॅमिली डॉक्टरकडच्या भेटी त्यात धरत नाहीत. त्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाकडे जाता येत नाही. मुलीला ताप आला म्हणून त्याच संध्याकाळी बालरोगतज्ज्ञाकडे नेऊन इंजेक्शन घ्यायची सवय असेल, तर पॅरासिटामॉल द्या आणि तीन दिवस पाहा, हे उत्तर सुरुवातीला निष्काळजीपणाचे वाटते. तो निष्काळजीपणा नसतो, गंभीर वेळी व्यवस्था चटकन हलते. पण जवळचा डॉक्टर नवे रुग्ण घेतो का, याची चौकशी घर पक्के करण्याआधीच करा.

आणि हिवाळा. तुम्ही आलात तो एप्रिल होता. डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेचारला मावळतो. मध्येही बहुधा ढग, वारा आणि बारीक पाऊस असतो. मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश सोसलेल्या माणसाला थंडी झेपते, अंधार झेपायला वेळ लागतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, आईवडिलांना बोलवायचे तर तेव्हाच बोलवा. मात्र ते पर्यटक म्हणूनच येऊ शकतील आणि एका वेळी नव्वद दिवसांपर्यंतच राहू शकतील. ते कायमचे सोबत येतील, ही आशा निर्णयाच्या आधीच बाजूला ठेवा. याबाबत घरात आत्ताच मोकळेपणाने बोलणे झालेले बरे.

खाण्यापिण्याची चिंता करू नका. शहराच्या आग्नेयेकडच्या भागात सुरिनाम या दक्षिण अमेरिकेतल्या पूर्वीच्या डच वसाहतीतून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे, आणि त्यांत हिंदुस्तानी म्हणवणारेही आहेत. या हिंदुस्तानींचे पूर्वज 1873 पासून मजुरीच्या करारावर भारतातून सुरिनामला गेले आणि ती मंडळी 1975 च्या सुमारास इथे आली. त्यांच्या दुकानांत भेंडी, कारली, हिरव्या मिरच्या सगळे मिळते. ज्वारीचे पीठही भारतीय किराणा दुकानांत मिळते. फक्त शेंगा चटणी घरून आणा.

शक्य असेल तर होकार कळवण्यापूर्वी नोव्हेंबरातला एक आठवडा इथे काढा. कालव्यांकडे न जाता सकाळी आठला झाउदला जाणारी ट्राम पकडा, दोन घरे पाहा, एखाद्या शाळेच्या दारात मुले सोडायला आलेल्या आईवडिलांशी बोला. येणे ठरलेच, तर विवाह नोंदणीचा आणि मुलीच्या जन्माचा दाखला महापालिकेतून इंग्रजीत काढून त्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे परदेशात दाखला ग्राह्य धरला जाण्यासाठीचे प्रमाणीकरण, सोलापूर सोडण्याआधी करून घ्या. इथे आल्यावर ते काम दुरून करावे लागते आणि तोवर कुटुंबाची नोंदणी अडून राहते.