गुरुवारच्या चौकटीतलं ‘बघू’

अनेक आशीर्वाद.

लेकीची शाळा सुरू होणार म्हणून तिला कोण सोडणार, आणणार, सांभाळणार याचा तू पाठवलेला तक्ता काल रात्री मोठा करून पाहिला. पाच वार, त्यांखाली तास, तुझे चौकोन निळे, बायकोचे हिरवे, सासूबाईंचे पिवळे, पाळणाघराचे करडे. ऑफिसात असतानाही तुझे तक्ते असेच देखणे असायचे आणि त्यात असंच एखादं भोक असायचं. या खेपेला ते गुरुवारी साडेअकराला आहे. त्या चौकटीत तू ‘बघू’ लिहिलं आहेस.

तुझी तक्रार पटली. पाळणाघर दिवसभर सांभाळत होतं तेव्हा सगळं सुरळीत होतं. शाळा काय सुरू व्हायची, तर घरातल्या तीन मोठ्या माणसांची झोप उडाली. पहिले तीन आठवडे दोनच तास, मग साडेतीन, आणि पूर्ण वेळ ‘मुलीची तयारी पाहून’. अशा दोन तासांच्या शाळेनं पालक मोकळे होत नाहीत, आणखी अडकतात. हिशोब कर ना. साडेनऊला सोडलीस, घरी पोचेपर्यंत दहा. अकराला पुन्हा निघायचं. हातात उरला एक तास, आणि त्यात तू साप्ताहिक मीटिंग घालतो आहेस. ती काढ. त्या तासात चहा पी, कपडे वाळत घाल, काहीही कर. पण ज्याला वेळेवर संपवणं आपल्या हातात नाही, असं काम तिथे ठेवू नकोस.

शाळा हे मुद्दाम छळायला करत नाही, एवढं मात्र लक्षात घे. नव्या जागी मूल हळूहळू रुजवायचं, याची नीट बसवलेली पद्धतच आहे. जर्मनीत 1980च्या दशकात बर्लिनमध्ये तयार झालेली रुजवणूक-पद्धत तिथे अजून सर्रास वापरतात. ती मुळात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा वर्गातच बसून राहतात, मुलाला सोडून जायचा प्रयत्नसुद्धा करत नाहीत. चौथ्या दिवशी पहिल्यांदा थोडा वेळ बाहेर जाऊन पाहायचं, तेही जास्तीत जास्त अर्धा तास. आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे, तो दिवस सोमवार असेल तर ही चाचणी मंगळवारवर ढकलायची. शनिवार-रविवार घरच्यांना चिकटून काढलेलं मूल सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं, हे कुणाच्या तरी नीट ध्यानात आलं होतं. तुझ्या तक्त्यात सोमवारी सकाळी तू बाहेरगावच्या क्लायंटकडे आहेस. जमलं तर तो वार बदल.

आता मुख्य गोष्ट. तू तास भरतो आहेस. पाहायला हवेत ते सांधे. ‘ती आठ ते सहा कुणाकडे तरी असली पाहिजे’ असा तुझा विचार, आणि तो चुकीचा नाही. पण एका हातातून दुसऱ्या हातात जायची जी पाच-दहा मिनिटं असतात, त्यातच सगळं बिनसतं. मोजून बघ. तुझ्या बुधवारी तिचे चार हात बदलतात: तू, शाळा, सासूबाई, पाळणाघर, मग तिची आई. म्हणजे चार वेळा कुणीतरी कुणाची तरी वाट पाहणार, चार वेळा बाटली कुठेतरी राहणार, चार वेळा ती मान वळवून जाणाऱ्या माणसाकडे पाहणार. सासूबाई दुपारी तिला घरीच ठेवू शकत असतील, तर त्या दिवसांपुरतं पाळणाघर वगळून टाक. पैसे द्यावे लागले तरी दे, म्हणजे जागा राहील.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझा मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा माझी व्यवस्था तुझ्यापेक्षा पक्की होती, असा माझा समज होता. सोमवार-बुधवार शेजारीण, बाकीचे दिवस माझी बहीण. एका आठवड्यात दोघींनी आपसांत वार बदलले आणि मला सांगितलं. मग एकीनं बदललेला वार पुन्हा बदलला आणि मला सांगायचं राहिलं. बारा वाजून दहा मिनिटांनी फोन आला. मी पोचले तेव्हा पाऊण वाजत आला होता. तो पायरीवर बसला होता. दप्तर पाठीवर, दोन्ही पट्टे खांद्यात, पाण्याची बाटली गळ्याशी मुठीत धरलेली. शेजारी त्याच्या बाई, स्वतःचा डबा न उघडता. रडत नव्हता. ‘दप्तर काढून ठेव म्हणाल्या, मी नाही काढलं,’ एवढंच म्हणाला. पुढचे काही दिवस वर्गातही दप्तर पाठीवरून उतरवायला तयार नव्हता. माझ्या बहिणीला मी त्या दिवशी जे बोलले ते आठवलं की अजून लाज वाटते, कारण चूक तिची नव्हती. त्या दिवसाला एक मालकच नव्हता.

म्हणून ‘ज्याला जमेल तो’ ही पद्धत बंद. ऐकायला फार समजूतदार वाटते, आणि प्रत्यक्षात दर वेळी ‘जमतं’ ते मुलीच्या आईलाच. मी अनेक वर्षं माणसांच्या रजा मंजूर केल्या आहेत, मला हे आकडा न पाहता सांगता येतं. वार वाटून घ्या. गुरुवार तुझा म्हणजे तुझा: सोडणं, आणणं, मध्येच शाळेचा फोन आला तर उचलणं, ताप आला तर घरी राहणं, सगळं. त्या दिवशी बायकोनं मोबाइल बॅगेत टाकून विसरून जावं. तुला जमत नसेल तर बदली माणूस शोधणं हेही गुरुवारच्याच माणसाचं काम. ‘अगं, आज जरा तू बघशील का’ असा मेसेज साडेदहाला टाकणं म्हणजे बदली माणूस शोधणं नव्हे.

सासूबाईंबद्दल एक. त्या दोन आठवडे येणार, हे तू मला सांगितलंस. त्यांना नीट विचारलं आहेस का? ‘येणार ना’ म्हणणं वेगळं. रोज साडेअकराला त्या फाटकाशी उभं राहणं, चार वर्षांच्या मुलीला हात धरून रस्ता ओलांडायला लावणं, कधी कडेवर घेणं, हे त्यांच्या गुडघ्यांना झेपेल का ते त्यांनाच विचार, आणि ‘नाही’ म्हणायला जागा ठेवून विचार. आजी-आजोबा प्रेमापोटी हो म्हणतात आणि मग तिसऱ्या दिवशी पाठ धरते. त्या गेल्यानंतरच्या सोमवारी काय, हाही चौकोन अजून रिकामाच आहे.

पाळणाघराकडून काही गोष्टी आताच विचारून घे. अर्ध्या दिवसासाठी ते जागा राखून ठेवतात का, पैसे पूर्ण घेतात की तासांवर? शाळेतून आणायला त्यांचं माणूस जातं का, गेलं तर इतर मुलांना तेवढा वेळ कोण पाहतं? शाळेला अचानक सुट्टी मिळाली तर मूल पूर्ण दिवस घेतील का? या शेवटच्या प्रश्नावर बरेच जण अडकतात. शाळेच्या सुट्ट्या नेहमीच तुम्हा दोघांच्या रजा एकत्र केल्या तरी जास्त भरतात, तेव्हा शाळेचं वर्षभराचं वेळापत्रक हातात आल्याशिवाय एकही रजा कशात घालवू नकोस. शाळेकडूनही एक गोष्ट लेखी घे: मुलीला कोण कोण घेऊन जाऊ शकतं त्यांची नावं, फोटो, फोन नंबर. त्या यादीत नसलेल्या माणसाच्या हाती शाळा मूल देणार नाही, आणि देऊही नये. यादीत एक नाव जास्तीचं घाल, जवळ राहणाऱ्या कुणाचं तरी. आणि ‘तयारी पाहून’ म्हणजे कोण पाहणार, कधी पाहणार, हे नम्रपणे पण चिकाटीनं विचार. तारीख देणार नाहीत, पण ‘साधारण कुठल्या आठवड्यात बोलू’ एवढं तरी सांगतील.

नवीन सांभाळणाऱ्या ताई ठेवायच्या म्हणतोस. ठेव, पण शाळा आणि ताई एकाच आठवड्यात नकोत. शाळेआधी दोन-तीन आठवडे त्यांना यायला सांग. तुम्ही घरात असताना त्या तिच्याशी खेळोत, भरवोत. मग एक दिवस त्यांना आणि लेकीला शाळेच्या फाटकापर्यंत चालत जाऊन यायला लाव. फाटकाशी उभं कुठे राहायचं, तेसुद्धा ठरवा. झाडाखाली म्हणजे झाडाखालीच. मूल वर्गातून बाहेर पडलं की आधी तीच जागा बघतं.

रजेचं गणित तू उलटं मांडलं आहेस. पहिला पूर्ण आठवडा तुम्ही दोघंही सुट्टीवर! पहिल्या आठवड्यात नवलाई असते: नवं दप्तर, नवी खुर्ची. खरी परीक्षा साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येते, जेव्हा तिला कळतं की हे आता रोजचंच आहे. तेव्हा एकही रजा शिल्लक नसेल तर काय करणार? अर्ध्या अर्ध्या दिवसांच्या रजा घे, आळीपाळीनं, महिनाभर पुरतील अशा. शिवाय एवढ्या लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं सामान्य मानतात, आणि शाळेचं पहिलं वर्ष त्यासाठी प्रसिद्धच. तेवढे दिवस बाजूला काढलेले असू देत.

साहेबांना सांगताना माफी मागत जाऊ नकोस. ‘मुलीच्या शाळेमुळे थोडं ॲडजस्ट करावं लागेल’ असं कुणी म्हणालं की मी लगेच सावध व्हायचे, कारण त्या ‘थोडं’चा शेवट दिसत नसे. ‘पुढचे सहा आठवडे मी गुरुवारी साडेदहा ते दीड उपलब्ध नाही, त्याऐवजी संध्याकाळी आठपर्यंत आहे, तातडीचं काम अमुक बघेल’ असं म्हण. सहा आठवड्यांनंतर पुन्हा बोलू, हेही त्यात घाल. बहुतेक साहेब याला हो म्हणतात. ज्याचं उत्तर तयार आहे, त्या प्रश्नावर कुणी फार वेळ घालवत नाही.

आणि दुपार. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगते. शाळेतून बाई म्हणतील, ‘फार गुणी आहे, आवाजसुद्धा नाही.’ आणि दुपारी तीनला ताईंचा फोन येईल की चप्पल उलटी घातली गेली म्हणून अर्धा तास रडते आहे. यात ताईंची चूक नाही आणि शाळेचीही नाही. दोन तास तिनं सगळं धरून ठेवलेलं असतं, ते ओळखीच्या माणसापुढे सुटतं. एरवी शरीरातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, सकाळी जास्त आणि दुपारी कमी होत जातं. लहान मुलांच्या गटात दिवस काढणाऱ्या अनेक मुलांमध्ये ते दुपारकडे उलट वाढलेलं आढळलं आहे. ते पूर्ण दिवसाचं झालं, पण दोनच तास असले तरी थकवा खरा असतो. तेव्हा शाळेनंतर लगेच पोहण्याचा वर्ग वगैरे जे तू कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं आहेस, ते खोड. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी दहा ते तेरा तास झोप लागते, दुपारची धरून. पाळणाघरात ती झोपत असेल तर आता शाळा सुरू झाली म्हणून ती झोप मोडू नका. आणायला गेल्यावर ‘आज काय शिकवलं’ असं विचारू नका, निदान घरी पोचेपर्यंत तरी नको. पाणी द्या, हात धरा, चाला.

सकाळी सोडताना लपून सटकू नकोस, तसंच दाराशी रेंगाळूही नकोस. ‘मी साडेअकराला येतो’ हे तिला कळत नाही. ‘गोष्ट संपली, चपला घातल्या, की मी’ हे कळतं. शाळेचा क्रम बाईंना विचारून घे आणि शेवटची गोष्ट कुठली ते पाहून मग वचन दे. आणि जो येईल म्हणून सांगितलं आहे, तोच येऊ दे.

तक्ता पुन्हा कर आणि पाठव. या खेपेला रंग नकोत. प्रत्येक सांध्यापाशी एक नाव आणि एक वेळ. आणि तो सासूबाईंना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात काढ.